सांगलीत तीन दिवसांचं जगलिंग संमेलन भरवायचंय : जागा, तारीख, पाळ्या, खर्च

चेंडूफेक_विश्रामबाग

नमस्कार मंडळी. सांगली-मिरज मिळून आमचा वीसेक जणांचा गट आहे. जगलिंग म्हणजे वस्तू एकापाठोपाठ हवेत फेकत-झेलत राहण्याचा खेळ. बहुतेक चेंडू आणि क्लबवाले (क्लब म्हणजे बाटलीच्या आकाराचा फेकायचा दांडका), तिघे-चौघे डायबोलोचे (दोरीवर फिरवून उडवायचा डमरूसारखा लट्टू). येत्या हिवाळ्यात शुक्रवार दुपार ते रविवार दुपार असं संमेलन भरवायचं ठरतंय. अंदाज शंभर जणांचा आहे : पुणे, मुंबई, कोल्हापूर, बेळगाव, बंगळूर. मानधन कुणालाच नाही, सगळा कारभार स्वयंसेवकांवर.

जागेवरून गटात दोन तट आहेत. काहींना मंगल कार्यालय सोयीचं वाटतं, कारण राहणं-जेवण एकाच ठिकाणी होतं. काहींना बॅडमिंटन हॉलच हवा. छताची उंची नक्की किती लागते? शंभर जणांना किती जागा पुरते? शनिवारी रात्रीचा जाहीर खेळ भावे नाट्यमंदिरात घ्यावा का? आणि स्वयंसेवकांचं गणित कसं मांडायचं, म्हणजे आयोजकांना तीन दिवस नुसतं टेबलामागे बसावं लागणार नाही? ज्यांनी अशी संमेलनं उभी केलीत त्यांनी आकड्यांसकट सांगावं.

उंचफेक

जागेपासून सुरुवात करा, बाकी सगळं तिच्यावर ठरतं. लोक इतक्या लांबून येतात ते मोकळ्या हॉलसाठी. ब्रायटनला १९७८ मध्ये पहिलं युरोपियन संमेलन भरलं तेव्हा मोजकीच मंडळी होती. आज ते दरवर्षी वेगळ्या गावात हजारो लोकांचं असतं, तरी त्याच्या मधोमध असतो तो रात्रंदिवस उघडा हॉलच. कार्यशाळा, स्पर्धा, खेळ हे सगळं त्याच्या अवतीभवती.

उंचीचं गणित सोपं आहे. फेकीची उंची वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हवेत एक सेकंद राहणारा चेंडू हातापासून सव्वा मीटर चढतो, दीड सेकंद राहणारा पावणेतीन मीटर. पाच चेंडूंची फेक साधारण पहिल्या आकड्याजवळ असते, सातांची दुसऱ्याजवळ. त्यात हाताची उंची एक मीटर आणि चुकलेल्या फेकीसाठी किमान अर्धा मीटर मिळवा. म्हणजे सात चेंडूंना सव्वाचार मीटर झाले. पासिंगमध्ये, म्हणजे दोघे एकमेकांकडे फेकतात तेव्हा, दुहेरी-तिहेरी गिरकीचे क्लब तेवढेच किंवा थोडे वर जातात. डायबोलोवाल्यांना मात्र आठ-दहा मीटरही कमीच पडतात. सात मीटर मोकळी उंची मिळाली तर डायबोलोची उंच फेक सोडून सगळं करता येतं, आणि ती फेक सकाळी मैदानावर होते.

मोकळी उंची मोजायची ती पंख्याचं पातं, दिव्याची जाळी किंवा लोखंडी तुळई यांच्या खालच्या कडेपर्यंत. फर्निचरवाल्या सुताराकडे लेझर मीटर असतो, तो घेऊन जा. व्यवस्थापकाने तोंडी सांगितलेल्या आकड्यावर पैसे भरू नका.

मंगल कार्यालयाचा निकाल इथेच लागतो. तिथे पंखे असतात, झुंबरं असतात आणि उंची साडेतीन-चार मीटर. क्लब पंख्याला लागला की वेडावाकडा उडतो आणि तिसऱ्याच माणसाला लागतो. पंखे बंद ठेवू म्हटलं तरी कुणीतरी उकडतंय म्हणून बटण दाबतंच. तेव्हा खेळायला बॅडमिंटन हॉल आणि मुक्काम-जेवणाला कार्यालय अशा दोन जागा घ्या. दोन्हींत पायी दहा मिनिटांपेक्षा जास्त अंतर नको. अंतर वाढलं की जेवायला गेलेली माणसं तिथेच लवंडतात आणि दुपारच्या कार्यशाळा ओस पडतात.

जागा किती हा प्रश्न. बॅडमिंटनचं कोर्ट १३.४ बाय ६.१ मीटर, भोवतालची मोकळी पट्टी धरून एकाला सव्वाशे चौरस मीटर. चार कोर्टांचा हॉल म्हणजे सुमारे पाचशे. शंभरातले एका वेळी पन्नास-पंचावन्न खेळत असतात, बाकीचे बसलेले, जेवणारे, झोपलेले. एकट्या खेळणाऱ्याला पाच चौरस मीटर, पासिंगच्या जोडीला बारा, डायबोलोला सोळा धरा. तीस एकटे, दहा जोड्या आणि पाच डायबोलो मिळून साडेतीनशे होतात. उरलेलं येण्याजाण्याला आणि बॅगांना. तेव्हा चार कोर्टं पुरतात, तीन कोर्टांत शनिवारी संध्याकाळी टकराटकरी होईल.

जमिनीवर कागदी मास्किंग टेपने विभाग आखा. पासिंगच्या सगळ्या जोड्या एकाच दिशेने उभ्या राहतील अशा पट्ट्या करा. सुटलेला क्लब त्यामुळे भिंतीकडे जातो, शेजाऱ्याच्या पाठीत बसत नाही. नवशिके दाराजवळ, म्हणजे बघायला आलेली मंडळी आत घुसत नाहीत. डायबोलो कोपऱ्यात, दोन बाजूंना भिंत राहील असा. पॅकिंगचा तपकिरी टेप लाकडी कोर्टवर लावू नका, काढताना पॉलिश सोलून निघतं आणि अनामत रक्कम तिथेच जाते.

दिवे बघायला संध्याकाळी सातनंतर जा. दुपारी खिडकीतल्या उजेडात कुठलाही हॉल चांगलाच दिसतो. तीन चेंडू बरोबर न्या, सगळे दिवे लावायला सांगा आणि कोर्टाच्या मधोमध पाच मिनिटं फेकून बघा. दिवा सरळ डोक्यावर असेल तर फेकीच्या टोकाला चेंडू त्यात हरवतो, आणि तोच क्षण नजरेने पकडायचा असतो. असे दिवे असतील तर खेळण्याचे पट्टे दोन दिव्यांच्या मधे येतील असे आखा. छत पांढरं असेल तर सूचनेतच लिहा की रंगीत सामान आणा, पांढरे क्लब दिसणार नाहीत.

युनिसायकल, म्हणजे एकचाकी सायकल, लाकडी कोर्टवर चालेल असं गृहीत धरू नका. धातूचं पेडल आपटलं की लाकडाला खळगा पडतो, काळा टायर रेघा ओढतो. ती बाहेरच्या सिमेंटच्या कोर्टवर. आणि हॉल शहाबादी फरशीचा असेल तर क्लबचं टोक आणि मुठीचा गोळा तडकतो. सतरंजीने क्लब वाचतात, पण तिच्या सुरकुतीत पाय अडकतो. एकमेकांत अडकवायच्या फोमच्या मॅट मिळाल्या तर पासिंगच्या पट्ट्यांखाली तेवढ्याच घाला.

मिरज_जंक्शन

तारखेबद्दल. हॉल आणि कार्यालय दोन्ही स्वस्तात आणि सलग मिळायचे दिवस म्हणजे पौष. लग्नाचे मुहूर्त नसतात, कार्यालयं रिकामी असतात आणि दराबाबत बोलता येतं. मार्गशीर्ष-माघात हेच कार्यालय तुम्हाला रात्री अकराला मिळेल आणि पहाटे पाचला वऱ्हाड दारात उभं असेल. डिसेंबर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत शाळा-कॉलेजांची गॅदरिंग चालतात, तेव्हा शाळेच्या हॉलच्या भरवशावर राहू नका. २६ जानेवारीला लागून येणारा शनिवार-रविवार मोहात पाडतो, पण ध्वजवंदन आणि संचलनाच्या तालमींमुळे मैदानं अडकलेली असतात. संक्रांतीनंतरचा पहिला शनिवार-रविवार बघा.

पावसाळ्याचा विचारच नको. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेची पातळी वाढली की गावाचं काय होतं ते २००५, २०१९ आणि २०२१ ने दाखवलंय. तीन महिने आधी आगाऊ रक्कम भरून कोण बसणार?

जानेवारीत एकच अडचण. रात्री मैदानावर दव पडतं. गवतावर राहिलेले धान्य भरलेले चेंडू सकाळी ओले, आणि ओलं धान्य आतून कुजतं. मैदानावरचं सगळं सामान संध्याकाळी सहाच्या आत उचलायचं, हे काम एका ठरावीक माणसाकडे द्या.

प्रवासाच्या सूचनेत नुसतं 'सांगली' लिहू नका. कर्नाटकातून येणाऱ्याला मिरज जंक्शन सोयीचं पडतं. पुण्या-मुंबईच्या गाड्यांतल्या काही सांगलीला थांबतात, काही थेट मिरजेला. दोन्ही स्टेशनांपासून हॉलपर्यंत कसं यायचं, रिक्षाला साधारण किती पडतात आणि रात्री दहानंतर काय मिळतं हे तीन ओळींत द्या. नाहीतर शुक्रवारी रात्री एक आयोजक नुसते फोन उचलत बसतो.

परवानगीचं : हॉलमालकाचं पत्र, पोलीस ठाण्याला लेखी अर्ज आणि मैदान महापालिकेचं असेल तर तिथला अर्ज. दीड महिना आधी द्या, पोच घ्या, आणि तीन प्रती टेबलावर फाइलमध्ये ठेवा. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, हा नियम २००० पासून आहे, तो गृहीत धरूनच कार्यक्रम आखा. रेकॉर्ड केलेली गाणी जाहीर खेळात वाजवायची तर त्याचाही परवाना लागतो. तबला-हलगी वाजवणारी दोन माणसं मिळाली तर हा प्रश्नही सुटतो आणि खेळाला रंगही चढतो. परदेशी कुणी मुक्कामाला येणार असेल तर २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवायची जबाबदारी ज्याच्याकडे तो राहतो त्याची. कार्यालयवाल्यांना हे बहुधा माहीत नसतं, तेव्हा असे पाहुणे लॉजवर उतरवा. तिथे ते काम रोजचं असतं.

पाळीप्रमुख

स्वयंसेवकांची गोम अशी की आयोजक 'बघू, जो मोकळा असेल तो' म्हणतात, आणि मग शेवटी तेच पाच जण राबतात. पाळ्या आधी मोजा, मग माणसं. पाळी दोन तासांची. त्याहून मोठी केली की माणूस मधेच 'पाच मिनिटांत आलो' म्हणून खेळायला जातो.

तुमच्या संमेलनाला हिशेब असा बसतो. नोंदणीचं टेबल : शुक्रवारी दुपारी २ ते रात्री १०, चार पाळ्या, दोघे-दोघे, म्हणजे ८. शनिवारी सकाळी ८ ते रात्री ८, सहा पाळ्या, दोघे-दोघे, १२. रविवारी तीन पाळ्या एकेकट्याने, ३. हॉलवर लक्ष ठेवायला एक माणूस कायम, तीन दिवसांत १५ पाळ्या. जेवण-नाश्ता सहा वेळा, दर वेळी चौघे, २४. रात्रीचा पहारा हीच काय ती लांब पाळी, १० ते २ आणि २ ते ६, दोघे-दोघे, दोन रात्री मिळून ८. शनिवारच्या खेळाला दार, विंग, दिवे, प्रेक्षक धरून १२. रविवारी आवराआवरीला १०. एकूण ९२. येणारे शंभर. म्हणजे प्रत्येकाने एक पाळी केली तर गाडा चालतो. तेव्हा 'एक माणूस, एक पाळी' हे नोंदणीच्या अर्जातच टाका, आणि पाळी निवडल्याशिवाय अर्ज पुढे जाऊ देऊ नका. पाळी नको असणाऱ्याला जादा पैसे भरायची सवलत देऊ नका. दोन-चार जण पैसे भरतात आणि मग बाकीच्यांचाही हात ढिला पडतो.

रविवारच्या दहा जणांचं मात्र आधीच पक्कं करा. अडीचनंतर हॉल भराभर रिकामा होतो, सगळ्यांच्या गाड्या असतात. ज्यांची परतीची गाडी रात्रीची आहे किंवा जे स्थानिक आहेत त्यांचीच नावं त्या पाळीत घ्या, आणि अर्जात परतीची वेळ विचारा.

कार्यक्रमपत्रिका छापू नका. एक मोठा पांढरा फळा, उभे रकाने तासांचे, आडवे रकाने जागांचे. ज्याला जे शिकवायचंय त्याने चिठ्ठी लिहून चिकटवायची : विषय, पातळी, किती वेळ, काय सामान लागेल. 'चार चेंडूंची सुरुवात, तीन येणाऱ्यांसाठी' हे लिहिणं महत्त्वाचं, कारण नुसतं 'चार चेंडू' लिहिलं की सात फेकणाराही येतो आणि काल शिकायला लागलेलाही. चार-पाच कार्यशाळा तुम्ही आधी ठरवून फळ्यावर लावून ठेवा. कोऱ्या फळ्यावर पहिली चिठ्ठी लावायला कुणी धजत नाही. दर कार्यशाळेला ४५ मिनिटं, वर १५ मिनिटं मोकळी. शनिवारी दुपारी ३ ते ५ कार्यशाळा नको, त्या वेळी मैदानी स्पर्धा घ्या.

स्पर्धांना निकाल सोपा हवा. तीन क्लब सगळ्यात जास्त वेळ फेकत राहणं, पाच चेंडूंचा सगळ्यात लांब वेळ, कपाळावर क्लबचा तोल, तीन चेंडू फेकत १०० मीटर धावणं. तीन क्लब फेकता फेकता दुसऱ्याचे पाडायचे तो कॉम्बॅट सगळ्यात शेवटी, कारण त्यात बोटं आणि नाक दुखावतं. चष्मे काढायला लावा, एका वेळी बारांपेक्षा जास्त जण रिंगणात नकोत, आणि नियम एकच पुरेसा : आपले तीन चालू असतील तरच दुसऱ्याच्या क्लबला हात लावायचा.

प्रथमोपचार पेटीत बर्फाचा थर्मास ठेवाच. इथे जखमा कमी, मुका मार जास्त, आणि घोटा मुरगळतो तो खाली पडलेल्या चेंडूवर पाय पडून. १०८ चा नंबर फळ्यावर मोठ्या अक्षरात.

चेंडूफेक_विश्रामबाग

पाळीप्रमुख, ९२ चा आकडा बघून गटातला निम्मा वाद मिटला, मनापासून आभार. उंचफेक दादांच्या हिशेबाने दोन जागा घ्यायचं पक्कं करतोय.

अजून तीन गोष्टी. आगीचे खेळ करणारे पाच-सहा जण येणार आहेत, त्यांना परवानगी द्यावी का? शनिवारी सकाळी जवळच्या शाळेतल्या चाळीस मुलांना बोलवायचंय, त्यांना चेंडू कुठून आणायचे? आणि नाट्यगृहाचं अजून कुणी बोललं नाही.

विंगेतून

पहिल्या वर्षी नाट्यगृह नको, असं माझं स्पष्ट मत. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते याच गावात, तेव्हा त्यांच्या नावाच्या रंगमंचावर खेळ करावासा वाटणं अगदी साहजिक आहे. पण मोठ्या नाट्यगृहाचं भाडं, तिकीटविक्री, जाहिरात हा वेगळाच कार्यक्रम होतो आणि तुमचे सगळ्यात कामसू आठ जण शनिवारी दुपारपासून हॉलमधून गायब होतात. खुर्च्या अर्ध्या रिकाम्या राहिल्या तर कलाकारांचाही विरस होतो. पहिल्या वर्षी हॉलमध्येच, एका बाजूला दोन कोर्टांची जागा सोडून, खाली सतरंज्या, मागे खुर्च्या. दोनशे माणसं आरामात बसतात.

दुसऱ्या वर्षी नाट्यगृह घ्याल तेव्हा रंगमंचावर वरच्या झालरीच्या खालच्या कडेपर्यंतची उंची मोजा. पाच क्लबना साडेचार मीटर तरी हवेत. झालर ओढून वर घेता येते का ते विचारा, बहुतेक ठिकाणी येते, पण त्या माणसाला आदल्या दिवशी सांगावं लागतं. नाटकाची प्रकाशयोजना जशीच्या तशी चालत नाही. समोरचे दिवे कलाकाराच्या डोळ्यांत जातात आणि वर गेलेली वस्तू दिसत नाही. दोन्ही बाजूंच्या विंगांतून, डोक्याच्या वरून, आडवा उजेड टाका आणि समोरचे निम्म्यावर ठेवा. मागचा पडदा काळा. ५ नोव्हेंबरच्या रंगभूमी दिनाच्या आसपास मात्र तारीख मागू नका.

खेळ ७५ ते ९० मिनिटांचा, आठ ते दहा प्रवेश, कुठलाही सहा-सात मिनिटांवर नको. प्रत्येकाला रंगमंचावर पंधरा मिनिटं तालीम द्यायची म्हणजे दहा जणांना अडीच तास. खेळ सातला असेल तर तालीम साडेतीनला सुरू झाली पाहिजे, म्हणजे शेवटी तासभर हाताशी राहतो. संगीत प्रत्येकाकडून शुक्रवारी रात्रीच घ्या, सगळ्या फाइलींना क्रमांक देऊन एकाच लॅपटॉपवर. कलाकाराच्या फोनवरून वाजवलं की ऐन रंगात आईचा फोन येतो. एक गोष्ट सूत्रधाराला बजावून सांगा : चेंडू पडला तर त्यावर विनोद करायचा नाही. उचलून पुन्हा करू द्यायचं, प्रेक्षक आपोआप टाळ्या देतात.

रात्री उशिराचा मुक्त मंच, म्हणजे रेनिगेड, हा वेगळा प्रकार. नाव नोंदणी नाही, ज्याला वाटेल त्याने उठावं. रात्री दहानंतर माइक नाही हे तिथे उलट बरंच, लोक जवळ सरकून बसतात.

मशाल_सातारा

आगीला होकार द्यायचा तर पूर्ण तयारीने, नाहीतर सरळ नाही म्हणा. 'बघू तिथे' असं ठेवलं की शनिवारी रात्री अकराला पार्किंगमध्ये कुणीतरी पेटवतं.

जागा : मोकळं मैदान, खाली माती किंवा सिमेंट, वाळलेलं गवत नाही. जानेवारीत आपल्याकडे ऊसतोड चालू असते. मैदानाच्या शेजारी फड असेल आणि पाचट पडलेलं असेल तर तिथे आग अजिबात नको. जागामालकाची लेखी संमती आणि महापालिकेच्या अग्निशमन विभागाला पत्र, दोन्ही लागतात. वारा इतका असेल की काडी पेटवून हातात टिकत नाही, तर त्या दिवशी खेळ रद्द. हा निर्णय एकाच माणसाचा, आणि तो स्वतः आग खेळणारा नसावा.

खेळणाऱ्याभोवती सहा मीटरचं रिंगण मोकळं, प्रेक्षक त्याच्याही बाहेर दोरीपलीकडे. इंधन रॉकेल. रेशनचं निळं रॉकेल वापरू नका, खुल्या बाजारातलं रंग नसलेलं घ्या. पेट्रोल, थिनर, स्पिरिट असलं काही कुणी आणलं तर त्याला त्या रात्री रिंगणात सोडायचं नाही, मग तो कितीही जुना असो. त्यांची वाफ लांबवर पसरते आणि पेट घेते. सहा जणांना पाच लिटर रॉकेल भरपूर होतं. झाकणाचा पत्र्याचा डबा, रिंगणापासून १० मीटरवर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला. वात बुडवली की जादा रॉकेल डब्यातच झटकून-पिळून घ्यायचं. हे केलं नाही तर पहिल्याच फिरकीला पेटते थेंब प्रेक्षकांकडे उडतात. खाली सांडलेल्या रॉकेलवर पाय घसरतो, म्हणून बुडवायच्या जागी वाळूचा थर टाका.

प्रत्येक खेळणाऱ्यामागे एक विझवणारा. त्याच्या हातात पाण्यात भिजवून पिळलेला जाड सुती टॉवेल किंवा घोंगडीचा तुकडा. त्याने फक्त त्याच माणसाकडे बघायचं, फोन खिशात. शिवाय दोन अग्निशामक नळकांडी आणि वाळूच्या चार बादल्या, पण नळकांडं जमिनीवरच्या आगीसाठी, माणसाच्या अंगावरची आग टॉवेलने. कपडे सुती, केस बांधून ओले. नायलॉन, पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. खेळ संपल्यावर वाती पूर्ण थंड झाल्याशिवाय बॅगेत नाहीत, आणि ती बॅग हॉलच्या आत नाही.

बाजरीची_पिशवी

शाळेच्या मुलांना चेंडू विकत आणू नका, त्यांच्याकडूनच करून घ्या. अर्ध्या तासाचं काम आणि चेंडू घरी नेता येतात.

मुलांच्या हाताला ५५ मिलिमीटरचा, ७० ग्रॅमच्या आसपासचा चेंडू बरा. चाळीस मुलांना तीन-तीन म्हणजे १२० चेंडू, त्याला बाजरी साडेआठ किलो, नऊ आणा. फुगे चेंडूमागे तीन, म्हणजे ३६०, फाटतात म्हणून चारशे. गोल फुगेच घ्या, लांबट चालत नाहीत. बाजरी दोन दिवस कडक उन्हात वाळवा, नाहीतर महिन्याभरात पोरकिडा होतो. तांदूळ टोकेरी असतो, फुगा आतून कापतो. वाळू जड आणि गळकी. मोहरी हाताला सुंदर लागते पण भाव परवडत नाही.

कृती : ७० ग्रॅम बाजरी पातळ प्लॅस्टिक पिशवीत भरा, हवा काढून पिळा, जादा टोक कापून चिकटपट्टी लावा. फुग्याची मान कापून टाका, पोट ताणून पिशवीवर चढवा. दुसरा फुगा उलट बाजूने, म्हणजे पहिल्याचं तोंड झाकलं जातं. तिसरा पुन्हा पहिल्याच्या दिशेने. तिसऱ्यावर कात्रीने दोन-तीन छोटी भोकं पाडली की आतला रंग दिसतो, मुलांना ते फार आवडतं. चेंडू तळहातावर दाबल्यावर किंचित बसला पाहिजे. टणक झाला तर पडल्यावर घरंगळत जातो आणि मूल शिकण्याऐवजी चेंडूमागे धावत राहतं. उन्हात ठेवले तर फुगे चिकट होऊन फाटतात, सावलीत वर्षभर टिकतात.

मोठ्यांना ७० मिलिमीटरचा, १२० ग्रॅमचा करा. क्लब मात्र घरी करू नका, लाकडी मुठीचा घरगुती क्लब पासिंगमध्ये तोंडावर आला तर दात जातो. हॉलमध्ये उसने द्यायला विकतचे सहा-नऊ क्लब ठेवा.

शिकवताना चाळीस मुलांना दहा-दहाच्या चार गटांत घ्या, प्रत्येक गटावर दोन मोठी माणसं, शाळेचे शिक्षक हॉलमध्ये हजर. मुलांना भिंतीकडे तोंड करून अर्ध्या मीटरवर उभं करा, म्हणजे चेंडू पुढे पळत नाही. सागरगोटे खेळलेल्या मुलींना वर फेकून झेलायचा ताल आधीच अंगात असतो, त्यांच्यापासून सुरुवात केली की गट लवकर जमतो.

खाण्याबद्दल एक विनंती. सांगलीत भडंग ठेवणार हे ठरलेलंच, पण ते हॉलच्या बाहेर. हळद-तेलाची बोटं क्लबच्या मुठीला लागली की पकड सुटते, आणि पांढऱ्या चेंडूवरचा डाग जन्मात जात नाही. दाराशी साबण, पाण्याची बादली आणि जुने पंचे ठेवा. पिण्याचं पाणी माणशी साडेतीन लिटर रोज, म्हणजे शंभर जणांना वीस लिटरचे अठरा जार. पोहे माणशी ६५ ग्रॅम कोरडे, साडेसहा किलो.

हिशेबवही

तिकीट किती, हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. खालचे आकडे मांडणी समजावी म्हणून, दर तुम्ही प्रत्यक्ष विचारून घाला.

स्थिर खर्च आणि माणशी खर्च वेगळे मांडा. समजा हॉल १८,०००, कार्यालय १५,०००, ध्वनी-प्रकाश ६,०००, फळा-टेप-मनगटपट्ट्या-प्रथमोपचार ४,०००, पाहुण्या कलाकारांचा प्रवास ६,०००. झाले ४९,०००. वर दहा टक्के अनपेक्षित, म्हणजे साधारण ५४,०००. माणशी खर्च सहा वेळचं खाणं आणि चहा, ४८० धरा. आता शंभर येतील असं धरून तिकीट ठरवू नका, साठ येतील असं धरा. ५४,००० भागिले साठ, ९००. अधिक ४८०, म्हणजे १,३८०. तिकीट १,४०० ठेवा. साठांपुढचा प्रत्येक जण ९२० रुपये शिल्लक टाकतो, त्यातून विद्यार्थ्यांना सवलत आणि पुढच्या वर्षीची अनामत. सवलत आधी जाहीर करून नंतर पैसे शोधत बसू नका.

पैसे कुणा एकाच्या खात्यावर घेऊ नका. एखाद्या नोंदणीकृत क्रीडा किंवा सांस्कृतिक संस्थेच्या छत्राखाली घ्या, दोघांच्या सहीशिवाय पैसे निघणार नाहीत असं करा. नोंदणी तीन आठवडे आधी बंद. जागेवर येणाऱ्यांना तिकीट जास्त, आणि जेवणाची हमी नाही. हे कडक वाटतं, पण कार्यालयाच्या आचाऱ्याला आकडा दोन दिवस आधी द्यावा लागतो.

परदेशातल्या संमेलनांत पैसे उभे करायला रॅफल काढतात. आपल्याकडे तिकिटं विकून सोडत काढली की ती लॉटरी धरली जाते आणि परवानगीशिवाय चालत नाही. त्यापेक्षा दान आलेल्या सामानाचा शनिवारी रात्री लिलाव करा. जुना डायबोलो, सही केलेला क्लब, हातमागाचा टॉवेल, काहीही चालतं.

हिशेब रविवारी दुपारी फळ्यावरच लिहा. चिठ्ठ्या काढून तिथेच जमा, खर्च, शिल्लक. लोक निघताना फोटो काढून नेतात आणि पुढच्या वर्षीच्या तिकिटावर कुणी शंका काढत नाही.

उंचफेक

हॉलच्या करारात दोन ओळी जरूर घाला. एक, वीज गेल्यावर जनरेटर किती मिनिटांत चालू होतो आणि त्यावर हॉलचे सगळे दिवे येतात की फक्त बाहेरचे. क्लब हवेत असताना अंधार झाला तर 'खाली बसा, डोकं झाका' असं ओरडायचं, हे शुक्रवारी संध्याकाळीच सगळ्यांना सांगा. दुसरी, किल्ली. रात्रीच्या पहाऱ्याकडे एक किल्ली आणि मेन स्विच कुठे आहे त्याची माहिती. व्यवस्थापक रात्री फोन उचलेलच असं नाही.

चेंडूफेक_विश्रामबाग

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं : संक्रांतीनंतरचा पहिला शनिवार-रविवार, चार कोर्टांचा हॉल, शेजारी कार्यालय, खेळ हॉलमध्येच. आगीचा निर्णय मैदान बघून. मशाल_सातारा आणि बाजरीची_पिशवी, तुम्हा दोघांना एक विनंती : शुक्रवारी संध्याकाळी फळ्यावर पहिल्या दोन चिठ्ठ्या तुमच्या लावू का? वात बुडवण्या-विझवण्याची एक, आणि चेंडू बनवण्याची एक.

बाजरीची_पिशवी

लावा. पातळी 'कुणीही', वेळ ४५ मिनिटं, सामान मी आणते. फक्त दोन तराजू आणि दहा कात्र्या तुमच्याकडून.

मशाल_सातारा

माझीही लावा, पण आग न पेटवता. फक्त टॉवेल, पाणी आणि कोऱ्या वाती. जे विझवणारे म्हणून उभे राहणार आहेत त्यांना ही कार्यशाळा सक्तीची, असं चिठ्ठीवर लिहा.